वाजले की निघणारी गाडी आणि भरली की निघणारी गाडी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'सरकारी कर्मचाऱ्यांपेक्षा खासगी क्षेत्रातील कर्मचारी अधिक कार्यक्षम असतात.' मी विषयाच्या बाजूने बोलले. सरकारी कचेरीतला चहा, टेबलावरून न हलणारी फाईल, 'उद्या या' हे ब्रीदवाक्य अशी सगळी ठेवणीतली शस्त्रे मी काढली. टाळ्या मिळाल्या, दुसरा क्रमांकही मिळाला. प्रमाणपत्र घेऊन घरी गेले तेव्हा मामा आलेले होते. मी काय बोलले ते आईने मोठ्या कौतुकाने त्यांना वाचून दाखवायला लावले. मामांनी सगळे ऐकून घेतले, 'छान बोललीस' म्हणाले आणि पाणी प्यायला उठून आत गेले.

माझे मामा एसटीत वाहक आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्या प्रवेशाची फी त्यांनीच भरलेली आहे. त्यांचे ते उठून आत जाणे मला लागले. जे बोलून बक्षीस मिळवले ते खरे होते की नुसतेच टाळ्यांचे होते, हे एकदा नीट तपासून पाहावे, म्हणून हा लेख.

आमचे गाव माण तालुक्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून बावीस किलोमीटरवर. माझे वडील, अण्णा, त्याच रस्त्यावर जीप चालवतात. आमच्याकडे त्याला वडाप म्हणतात. म्हणजे एकाच रस्त्यावर आमच्या घरातला एक माणूस खासगी आणि एक माणूस सरकारी. सणासुदीला दोघे एकत्र बसले की वाद ठरलेला.

"पाव्हणं, काल तुमची गाडी सहा मानसं घिऊन निघाली. चव्वेचाळीस शिटाची गाडी! मी असतो तर जाग्यावरनं हाललोच नसतो," अण्णा म्हणतात.

"दाजी, तुमी हालला नसता, ह्येच तर म्हनतोय मी," मामा म्हणतात.

मला हा वाद लहानपणापासून गमतीचा वाटत आला. अर्थशास्त्राचा पहिला पेपर दिल्यावर लक्षात आले की दोघेही कार्यक्षमतेविषयीच बोलतात, फक्त दोघांच्या मनातली कार्यक्षमता एक नाही.

पुस्तकातली व्याख्या सोपी आहे. किती साधने घातली आणि त्यातून किती फळ निघाले, याचे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. या मापाने अण्णांना हरवणे कठीण. जीपमध्ये चौदा माणसे (किती बसवावीत हा प्रश्न कृपया येथे विचारू नये), माणशी चाळीस रुपये, म्हणजे एका खेपेचे पाचशे साठ. डिझेल दोन लिटर, म्हणजे साधारण एकशे ऐंशी रुपये. चालकही तेच, वाहकही तेच, आगारव्यवस्थापकही तेच. आता मामांच्या त्या सहा माणसांची फेरी घ्या. तीन शाळेच्या मुली, एक पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा, दोन बायका. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली प्रवास मोफत. पंचाहत्तर वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणजे मामांच्या हातात रोख पडली ती फक्त दोन अर्ध्या तिकिटांची. सवलतीचे पैसे पुढे राज्य शासन महामंडळाला देते, पण वाहकाच्या हिशोबात दिसतात ती एवढीच. एसटीत यालाच भारमान म्हणतात, म्हणजे जागा किती आणि माणसे किती याची टक्केवारी. त्या फेरीचे भारमान चौदाच्या आसपास निघेल. कागदावर याहून अकार्यक्षम फेरी सापडणे मुश्किल.

पण आता हेच माप उलट लावून पाहा. त्या सहा जणांना विचारले की तुम्हाला पोचवण्याच्या कामी कोण कार्यक्षम, तर ते काय सांगतील? त्यांच्यापुरते वडापचे फळ शून्य आहे, कारण वडाप निघालेलेच नाही.

हा भेद जुनाच आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली. त्याच्या आधी प्रवासी वाहतूक खासगी मोटारवाल्यांच्या हाती होती. जिथे माणसे जास्त त्या रस्त्यावर गाड्यांची चढाओढ आणि जिथे कमी तिथे शुकशुकाट, हे त्या धंद्याच्या स्वभावातच होते. त्यात मोटारवाल्यांचा काही गुन्हा नव्हता. नफ्यावर चालणारी गाडी माणसे असतील तिकडेच वळणार. एसटी काढली ती या स्वभावाबाहेरचे काम करून घेण्यासाठी. म्हणून तिचे काम 'माणसे नेणे' एवढेच नव्हते, तर 'वाजले की निघणे' हेही होते. गाडी भरली नाही तरी निघायचे, रात्री शेवटच्या गावात मुक्कामी राहायचे आणि पहाटे पुन्हा निघायचे. आमच्या गावची मुक्कामी गाडी रात्री साडेआठला येते. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच झोपतात आणि पावणेसहाला गाडी निघते. त्याच गाडीने मी महाविद्यालयात येते.

मी दहावीत असताना हे सगळे पुस्तकाबाहेर येऊन समोर उभे राहिले. करोनामुळे बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, आणि महिनाभरात राज्यभर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे साडेपाच महिने लांबला. संप का झाला, कोणाचे चुकले, हा या लेखाचा विषय नाही. मामा संपात होते आणि त्यांच्या घरी ते दिवस कसे गेले ते मला ठाऊक आहे, एवढेच सांगते.

त्या काळात शासनाने खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. अण्णांच्या जीपला उसंत नव्हती. आमच्या घरी त्या हिवाळ्यात नवा पत्रा चढला. म्हणजे माझ्या घरात संपाने एकाच वेळी मामांचे घर रिकामे केले आणि आमचे भरले. आणि वरच्या वस्तीवरून माझ्याबरोबर शाळेला येणाऱ्या पाच मुली होत्या, ज्या मोफत पासावर यायच्या. पहिला आठवडा अण्णांनी त्यांना फुकट नेले. दुसऱ्या आठवड्यात सांगितले, निम्मे तरी द्या, डिझेल नव्वदीच्या पुढे गेले आहे. तिघींच्या घरून पैसे आले, दोघींच्या आले नाहीत. त्यातली एक थेट मार्चमध्ये परीक्षेला आली. दुसरी आली नाही, ती पुन्हा शाळेत आलीच नाही.

अण्णा वाईट माणूस नाहीत. दोन जागा फुकट द्यायच्या म्हणजे प्रत्येक खेपेला ऐंशी रुपये कमी, आणि जीपचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. पण त्यांच्या कार्यक्षमतेच्या हिशोबात त्या दोन मुलींसाठी रकानाच नव्हता. वादविवादात मी या मुलींविषयी एक शब्दही बोलले नव्हते. आठवणच झाली नाही, हे आता लिहिताना विचित्र वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मामांची भाची मामांच्या बाजूला गेली. तसे नाही. रकाना सरकारी वहीतही रिकामा असतो, आणि तो मी स्वतः पाहिला आहे.

शिष्यवृत्तीसाठी मला उत्पन्नाचा दाखला हवा होता. कार्यालय कोणते ते सांगत नाही. पहिल्या दिवशी साहेब बैठकीला गेले होते, दुसऱ्या दिवशी नेटवर्क नव्हते, तिसऱ्या दिवशी सही झाली. प्रत्येक वेळी आई माझ्याबरोबर आली, कारण मला एकटीला तिथे बोलायची भीती वाटत होती. आई शेतमजुरीला जाते. तीन रोज बुडाले, म्हणजे नऊशे रुपये. दाखल्याची सरकारी फी शंभरच्या आत होती.

गंमत पुढेच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरवून दिलेले असते, कार्यालयात तसा फलक असतो. सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याच्याही आधी २००५ चा बदल्या व विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे, ज्यात कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक आपल्याजवळ ठेवू नये असे म्हटले आहे. आता मला दाखला मुदतीच्या आतच मिळाला! त्यामुळे कागदोपत्री ते कार्यालय पूर्ण कार्यक्षम ठरले. आईचे नऊशे रुपये कोणत्याही नोंदवहीत चढले नाहीत. त्या खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीतही नसावेत. आणि खरे सांगायचे तर तो माणूस रिकामा बसलेला नव्हता. शेजारचे टेबल रिकामे होते व त्या टेबलाचे काम त्याच्याच अंगावर होते.

मग खासगीत असा हेलपाटा नसतो काय? अण्णांच्या जीपला दोन वर्षांपूर्वी एका ट्रॅक्टरने मागून ठोकले. विमा खासगी कंपनीचा. विमा विकायला त्यांचा माणूस तीन वेळा आमच्या घरी आला होता, चहा घेऊन गेला होता. भरपाई मागायला गेलो तर पाच महिने लागले. तिथे कोणी 'उद्या या' म्हटले नाही. फोनवर गोड आवाजात 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे ऐकू येई व मग गाणे लागे. पैसे आत येण्याच्या वाटेवर खासगी माणूस धावतो, पैसे बाहेर जाण्याच्या वाटेवर तोही फाईलच होतो. हा माझा अनुभव एका कंपनीचा, त्यावरून सगळ्यांना मोजू नये हे मान्य.

यानंतर मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांकडे गेले आणि म्हटले, घरातल्या गोष्टी पुष्कळ झाल्या, कोणी नीट मोजले आहे का? त्यांनी मला दोन संशोधनांचे छापील उतारे दिले. इंग्रजी जड होते, दोन रविवार गेले. पण मला वाटते, वादविवादाच्या आधी हे वाचले असते तर मी कोणत्याच बाजूने बोलू शकले नसते.

पहिले संशोधन शाळांचे. २००३ साली देशभरातल्या सुमारे तीन हजार सातशे शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या. सरकारी प्राथमिक शाळांतले सरासरी पंचवीस टक्के शिक्षक गैरहजर सापडले. झारखंडात हे प्रमाण बेचाळीस टक्के होते, महाराष्ट्रात सर्वांत कमी, पंधरा टक्क्यांच्या आसपास. त्याच गावातल्या खासगी शाळांचे शिक्षक अधिक हजर होते, आणि त्यांचा पगार सरकारी शिक्षकाच्या मानाने फारच थोडा होता. म्हणजे पगार वाढवला की काम वाढते, हा सरळ हिशोब लागू पडत नाही. एक तपशील तर मी पुन्हा पुन्हा वाचला. जवळजवळ तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांपैकी वारंवारच्या गैरहजेरीसाठी शिक्षकाला काढून टाकल्याचे सांगणारा फक्त एक निघाला.

दुसरे संशोधन मध्य प्रदेशातल्या खेड्यांतले, २०१६ साली प्रसिद्ध झालेले. त्यात माणसांना रुग्णाचे सोंग शिकवून डॉक्टरांकडे पाठवले. एकाने छातीत दुखण्याचे सांगायचे, एकाने दम्याचे, एकाने घरी मुलाला जुलाब होत असल्याचे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने एका रुग्णाला दिलेला सरासरी वेळ अडीच मिनिटांहून थोडा कमी भरला. खासगीत त्याहून सुमारे दीड मिनिट जास्त मिळाले, प्रश्नही जास्त विचारले गेले. आणि यातले बहुतेक खासगी 'डॉक्टर' मुळात वैद्यकीय पदवी नसलेले होते! तरी योग्य औषध सांगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काही डॉक्टर असे होते की सकाळी सरकारी दवाखान्यात आणि संध्याकाळी स्वतःच्या खासगी दवाखान्यात बसत. संशोधकांनी त्याच डॉक्टरकडे दोन्ही ठिकाणी सोंगाचे रुग्ण धाडले. शिक्षण तेच, हात तेच, आजार तोच. तरी प्रत्येक कसोटीवर संध्याकाळचे काम सकाळच्यापेक्षा चांगले ठरले.

'सरकारी लोक आळशी असतात' हे वाक्य मी व्यासपीठावरून मोठ्या आवाजात म्हटले होते. हा सकाळचा माणूस आळशी आणि संध्याकाळचा उद्योगी असे म्हणायचे काय? माणूस तर एकच आहे. बदलते ते एवढेच की संध्याकाळचा रुग्ण उठून दुसरीकडे जाऊ शकतो आणि सकाळच्या रुग्णाच्या जाण्या-न जाण्याने डॉक्टरचे काहीच बिघडत नाही. मात्र त्याच संशोधनात असेही दिसले की जिथे फी जास्त तिथे तपासणी चांगली होती, योग्य औषध अधिक वेळा मिळत होते, पण नको ती औषधेही जास्त दिली जात होती. गिऱ्हाईक राखायचे म्हणजे त्याला हवे ते आणि नको ते दोन्ही द्यायचे, असा त्याचा अर्थ मी लावला. खिशात पैसे नसलेला रुग्ण त्या संध्याकाळच्या दवाखान्यात येतच नाही, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. तो वरच्या वस्तीवरच्या त्या दोन मुलींसारखाच.

एखाद्या माणसाला जाब विचारणारा कोण आणि तो कशाचा जाब विचारतो, यावर त्याचे काम ठरते असे मला आता वाटते. वडापवाल्याला रिकाम्या जागेचा जाब द्यावा लागतो, मागे राहिलेल्याचा द्यावा लागत नाही. कारकुनाला वरच्या साहेबाला जाब द्यावा लागतो, खिडकीबाहेरच्या आईला नाही. मामांचे काय? मी त्यांना विचारले. ते म्हणाले, पैसा न पैसा जुळला पाहिजे, तपासणीस गाडीत चढला आणि एक जरी माणूस बिनतिकीट सापडला तरी मामला गंभीर होतो. "पर गाडी येळंवर का न्हाई आली, म्हनून गावातली बाई दारात उभी ऱ्हाऊन विचारती, त्ये येगळंच," असेही म्हणाले. माझ्या मते मामा वेळेवर निघतात त्याला ती बाई निम्मी कारण आहे.

एक गोष्ट राहिली. मामा सरकारी कर्मचारी आहेत काय? कायद्याने नाहीत, ते महामंडळाचे आहेत. संपाची मुख्य मागणी हीच होती की आम्हाला शासनात विलीन करा, आणि ती मान्य झाली नाही. उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीप्रमाणे एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. गावाच्या दृष्टीने मात्र ते सरकारच. पगाराच्या वेळी महामंडळ आणि शिव्या खाण्याच्या वेळी सरकार, अशी मामांची स्वतःची व्याख्या आहे. खासगी आणि सरकारी यांच्यामधली भिंत आता तशीही ठिकठिकाणी खचली आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता, विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. पण कार्यालयात सरकारी खुर्चीवर बसलेला कंत्राटी माणूस आजही दिसतो. त्याला पगार खासगीचा आणि नियम सरकारी. त्याची कार्यक्षमता कोणत्या बाजूला धरायची, हे वादविवादाच्या विषयात लिहिलेले नव्हते.

दिवाळीत मामा आले तेव्हा हे सगळे मी त्यांना आणि अण्णांना सांगितले. मध्य प्रदेशातल्या डॉक्टरची गोष्ट दोघांनाही आवडली. अण्णा म्हणाले, ह्यो तर सकाळी एसटी आन् संध्याकाळी वडाप. मामा हसले. मग अण्णांनी एकदम विचारले, "तलाठ्याची भरती परत कवा निघनार? फारम भरायचा हाय तुला."

मला राहवले नाही. म्हटले, "अण्णा, तुम्ही तर म्हणता सरकारी माणूस काम करत नाही."

"म्हनतोच की. पर त्याला सकाळी उठून गिऱ्हाईक येतंय का न्हाई म्हनून रस्त्याकडं बघत बसावं लागत न्हाई. तुला बसावं लागू नये."

यावर मी काही बोलले नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजार सहाशे चव्वेचाळीस जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्या दहा लाख घरांतही एखादे अण्णा असेच म्हणाले असतील.

मामांनी विचारले, फी किती असते. मी सांगितले, मागच्या वेळी खुल्या गटाला हजार होती.

"म्हंजी तीन खेपा," अण्णा म्हणाले.

"भरलेल्या," मामा म्हणाले.